मान खाली घालून लिहिलेले चेहरे

माझी सगळी नोकरी माणसांची तोंडं लिहिण्यात गेली. चित्रकाराचं नाक चुकलं तर त्याला ते पुसता येतं. आमच्या कागदावर खाडाखोड झाली तर शेजारी सही करून कारण द्यावं लागे. ‘तुमच्या कामातल्या गमती दिवाळी अंकासाठी लिहा’ असं पत्र आलं तेव्हा आमच्या घरात आधी हशा पिकला, कारण माझ्या हातून गमतीचं काही लिहून होईल यावर घरच्यांचा विश्वास नाही. माझाही नाही. तरी काम काय होतं ते सांगतो, आणि ते करताना मी काय करायचं विसरलो तेही सांगतो.

आमचं घराणं मूळ दक्षिणेतलं. शिंद्यांच्या लष्कराबरोबर बाकीचे तलवार घेऊन इकडे उत्तरेत आले, आमचे पणजोबा दौत-लेखणी घेऊन आले. तेव्हापासून घरात कोणी ना कोणी कारकून आहेच. मी फौजेच्या दफ्तरात लागलो. बिऱ्हाड खासगी बाजार नावाच्या पेठेत आणि दफ्तर शिंद्यांच्या छावणीत. रोज पायी जायचो आणि पायी यायचो. वाटेत लष्कर नावाचं हे सगळं शहर भेटायचं, पण मी वाटेतही फारसं कोणाकडे पाहत नसे. ती सवय कुठून लागली ते पुढे येईलच.

फौजेत नवा गडी भरती झाला की त्याची चेहरेपट्टी लिहावी लागे. नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय हे झाल्यावर उंची आणि रंग. मग कपाळापासून खाली यायचं: भुवया, डोळे, नाक, कान, दाढी-मिशी, आणि शेवटी अंगावरची खूण. त्या वेळी शिपायागणिक फोटो काढणं सरकारला परवडणारं नव्हतं. हा कागद म्हणजेच त्याचा फोटो. उद्या शिपाई पळून गेला, लढाईत पडला, किंवा त्याच्या नावावर दुसराच कोणी पेन्शन घ्यायला उभा राहिला, तर या कागदावरून माणूस पटवायचा. आता म्हणे प्रत्येकाचा फोटो चिकटवतात. चिकटवोत बापडे. पण फोटोत गुडघ्याखालचा कुत्र्याच्या चाव्याचा व्रण येत नाही, आमच्या कागदात येत असे.

हे काम दोघांचं. मोजमाप करायला मुनीर खाँ नावाचा जुना शिपाई होता. तो गड्याला खांबाशी उभा करायचा, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवायचा आणि मोठ्यांदा सांगत सुटायचा: ‘कद पाँच फुट छह, रंग गेहुआँ, माथा चौड़ा, भौंहें मिली हुईं.’ मी ते ऐकत ऐकत मराठीत उतरवून घ्यायचो. त्याचं वाक्य संपायच्या आत माझी ओळ संपलेली असे. साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम आमचं काम दाखवायला आणीत. मान वर न करता एका सकाळी मी पाऊण पलटण लिहून काढतो याचा मला अभिमान होता, आणि खोटं कशाला सांगू, अजूनही थोडा आहे.

मान वर करायची गरजच नव्हती ना. पाहायचं काम मुनीर खाँचं होतं.

एकदा भिंडकडचा एक तरुण गडी भरतीला आला. मुनीर खाँने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, निशान कोई नहीं. खुणेचा रकाना रिकामा ठेवायचा नाही असा आमचा कडक नियम. तीळ, व्रण, देवीचे वण, काहीतरी लागायचंच. मुनीर खाँने त्याला पाठमोरा करून, पोटऱ्या पाहून, तळपायसुद्धा पाहून घेतले. पोराचं अंग नुकत्याच घडवलेल्या भांड्यासारखं कोरं. मी नेहमीप्रमाणे मान खाली ठेवूनच म्हणालो, खूण नाही तर भरती नाही, पुढचा पाठवा.

अर्ध्या तासाने माझ्या कागदावर सावली पडली आणि शेजारी लाल ठिपका पडला. मी वर पाहिलं. तोच गडी होता. बाहेर कडुनिंबाखाली जाऊन त्याने धोंड्याने स्वतःचं कपाळ फोडून घेतलं होतं.

‘निशान हो गया बाबूजी,’ तो म्हणाला. ‘अब तो लिख लो.’

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. फक्त घाई होती, भरती संपेल अशी. कपाळाला फडकं बांधण्यासाठी मुनीर खाँने त्याचं मुंडासं सोडलं तेव्हा दिसलं की त्याच्या डाव्या कानाची पाळी जन्मापासूनच मधोमध चिरलेली होती. थंडीमुळे त्याने कानावरून मुंडासं गुंडाळलं होतं, मुनीर खाँने ते सोडायला लावलं नव्हतं, आणि मी तर पाहिलंच नव्हतं. अशी स्वच्छ खूण हजारात एखाद्याला असते. मी दोन्ही खुणा लिहिल्या आणि त्याची भरती झाली. ही गोष्ट मी पुढे कित्येक वर्षं गंमत म्हणून सांगत असे आणि लोक पोट धरून हसत. मुनीर खाँ मात्र कधी हसला नाही. गड्याला डॉक्टरकडे नेऊन आणल्यावर तो इतकंच म्हणाला होता की बाबूजी, चूक मेरी है, पर आँखें तो आपकी भी थीं. मी ते मनावर घेतलं नाही.

वर्षातून एकदा, थंडीच्या दिवसांत, पेन्शनर लोकांची हयातीची हजेरी असायची. आपण अजून जिवंत आहोत हे सिद्ध करायला म्हातारे शिपाई गावोगावहून येत आणि दफ्तराच्या ओसरीवर उन्हात बसत. मी ज्याचा त्याचा जुना कागद काढायचो, खूण पडताळायचो आणि हयात असल्याचा शेरा मारायचो. बायका यायच्या त्या नवऱ्याची पेन्शन घेणाऱ्या विधवा. मराठ्यांच्या घरच्या असल्या तर पडद्याआडून फक्त हात पुढे करीत आणि मी मनगटावरचं गोंदण पाहून शेरा देई. या दिवशी काम कमी आणि बोलणं जास्त.

त्यांत भिकाजी मोहिते नावाचे एक नाईक होते. छावणीतच राहायचे. सत्तरीच्या पुढचे, अंगाने वाळलेले, पण मिशी जागेवर. शेरा घेऊन चालते होणं त्यांना मंजूर नसे. आधी माझा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवा, मी कोण होतो ते तर कळू दे, असा त्यांचा हट्ट. मी वाचायचो आणि ते जबाब द्यायचे. वय एकोणीस म्हटलं की, गेलं. उंची पाच फूट आठ म्हटलं की, दीड इंच जमिनीत गेली, लिहून घ्या. केस काळे दाट म्हटलं की पगडी काढून सगळ्या ओसरीला डोकं दाखवायचे. दात पुरे म्हटलं की आ करायचे. शेवटी गुडघ्याखालच्या व्रणापाशी आलो की धोतर वर करून म्हणायचे, हा आहे, हा इमानदार निघाला.

ज्या वर्षीची गोष्ट मला सांगायची आहे त्या वर्षी त्यांची हजेरी झाल्यावर ते उठेनात. माझ्या टेबलाजवळ सरकून बसले आणि आपण होऊन सांगू लागले. दर वर्षी इथे यायच्या आदल्या दिवशी ते आंघोळ करून बसतात आणि आपल्या सगळ्या माणसांना मनातल्या मनात रांगेत उभं करतात. कोण हजर आहे, कोण रुसून गेला आहे, कोणाकडे वर्षभरात आपण नीट पाहिलंच नाही, ते तपासतात. यंदा रांगेत धाकटा भाऊ सापडेना. भिंतीच्या भांडणावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मग टांगा करून मुरारला गेले आणि त्याचं दार वाजवलं. दार एका म्हाताऱ्याने उघडलं.

‘मी तर त्याला ओळखलंच नाही बाबूजी,’ मोहिते म्हणाले. ‘त्याने ओळखलं मला. दादा म्हणाला. बस, मी तिथेच खाली बसून गेलो.’ मग मिशीवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, ‘आमची हजेरी तर तुम्ही घेता. तुमची कोण घेतो?’

घरी बायको घेते की, असं मी म्हणालो. ओसरी हसली. मोहितेही हसले, पण उठताना त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं. मी पुढचा कागद ओढला.

त्यानंतर चार दिवसांनी आम्ही मेळ्याला, म्हणजे इथे थंडीत भरणाऱ्या मोठ्या जत्रेला, गेलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको आणि बारा वर्षांची मुलगी कुसुम. लग्नाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. वाईट संसार नव्हता. भांडण नाही, व्यसन नाही, पगार घरात. मी दफ्तरातून आलो की पुढे ताट यायचं, जेवण झालं की मी वर्तमानपत्र उघडायचो, आणि ती तिच्या कामाला लागायची. मला यात काही कमी आहे असं कधी वाटलं नव्हतं. तिला काय वाटतं हे विचारायचं असतं, हेही सुचलं नव्हतं.

मेळ्यात दिवे लागायची वेळ झाली होती. कुसुमचा हात माझ्या हातात आणि आमच्या रीतीप्रमाणे बायको दोन पावलं मागे. बांगड्यांच्या दुकानांची रांग संपल्यावर मागे पाहिलं तर ती नाही. आधी मला राग आला. बांगड्या पाहत थांबली असणार, सांगून थांबायला काय होतं! मी उलटा फिरलो. ती रांग एकदा गेलो, परत आलो. भांड्यांची रांग पाहिली, घोंगड्यांची पाहिली. दुकानदारांना विचारत सुटलो, एक बाई पाहिलीत का, एक बाई. अंधार पडत चालला तसा मी पोलिसांचा तंबू गाठला.

तिथला जमादार मला ओळखत होता. फौजेतूनच पोलिसात गेलेला. घाबरू नका म्हणाला, बाईंचा हुलिया, म्हणजे वर्णन, लिहून घेतो आणि दोन शिपाई धाडतो. मग त्याने पेन्सिल माझ्याच हातात दिली.

‘आपसे अच्छा हुलिया कौन लिखेगा बाबूजी? आप ही लिख दीजिए.’

मी लिहिलं: स्त्री, वय अडतीस. पुढे उंची. मी हात वर केला, तो आधी खांद्याशी आणला, मग कानाशी. ती माझ्या शेजारी उभी राहिली तर कुठे येते? आठवेना. रंग लिहिला गव्हाळ. खरं सांगायचं तर दफ्तरात शंका आली की मी गव्हाळच लिहीत असे. कपाळ. भुवया. नाक. मी हजारो नाकं लिहिली होती. पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर एक ताट पुढे करणारा हात येत होता, बाकी काही येत नव्हतं. लुगडं कोणत्या रंगाचं, हेही मला सांगता येईना, आणि घरातून निघताना ती माझ्यासमोरच शाल पांघरत होती.

जमादाराने कागद वाचला. तो चेष्टा करीत नव्हता, अगदी अदबीने बोलला. ‘बाबूजी, ये तो मेले की आधी औरतें हो गईं.’

तेव्हा कुसुम पुढे झाली. तिने एका दमात सांगितलं. आई बाबांच्या खांद्याला लागते. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे. नाकात खड्याची चमकी आहे, मोत्याची नाही. लुगडं हिरवं, शाल तपकिरी, आणि उजव्या भुवईत जखमेची खूण आहे. जमादार भराभर लिहून घेत होता. मी मूर्खासारखा विचारलं, भुवईला कधी लागलं तिच्या?

‘दसऱ्याच्या आधी, बाबा. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आपटली ना ती. हळद भरली होती. तुम्ही जेवायलाच बसला होता.’

जमादार खाली पाहून लिहीत राहिला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाव घंट्यात शिपाई तिला घेऊन आला. ती कुठेही गेली नव्हती. बांगड्यांच्या रांगेतच, एका दुकानाच्या खांबाला हात धरून उभी होती. आम्ही टांगा केला. कुसुम आईच्या शालीत शिरून बसली आणि मी टांगेवाल्याच्या पाठीकडे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, ‘मी तिथेच होते. तुम्ही दोनदा समोरून गेलात.’

‘मग हाक मारायची.’

‘काय म्हणून मारू?’

तेही खरंच होतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घरात ‘अहो’ने भागतं, पण भरल्या मेळ्यात बाईमाणसाने ओरडावं तरी काय? तीच पुढे म्हणाली, ‘अहो म्हटलं मी. दुसऱ्यांदा आलात तेव्हा म्हटलं. तुम्ही वळला नाहीत.’

गर्दीत ऐकू आलं नसेल, असं मी म्हणालो. ती ‘असेल’ म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. भांडली असती तर मी भांडलो असतो. आमच्या संसारात आजपर्यंत तिने असे किती ‘असेल’ गिळले असतील याचा हिशोब मला त्या दिवशी पहिल्यांदा करावासा वाटला आणि तो काही केल्या लागेना.

त्या आठवड्यात दफ्तरात माझं काम बिघडलं. मुनीर खाँ सांगायचा आणि मी लिहिण्याआधी मान वर करून त्या गड्याकडे पाहायचो. खरंच भुवया जुळलेल्या आहेत का, खरंच नाक बसकं आहे का. कामाचा वेग निम्म्यावर आला. मेरे नाप पर शक है क्या, असं मुनीर खाँने दुखावून विचारलं. शक तुझ्यावर नाही, माझ्यावर आहे, हे त्याला कसं सांगायचं? दुपारी डबा खाताना मी मोहित्यांसारखी माझी माणसं रांगेत उभी करून पाहिली. भाऊ इंदूरला, त्याला वर्षातून दोन पत्रं. कुसुम होती, पण तिची यत्ता कोणती ते मला नक्की सांगता येईना. आणि बायकोच्या जागी तो ताट पुढे करणारा हात.

रविवारी मी चेहरेपट्टीचा एक कोरा कागद घरी आणला. सरकारी कागद घरी आणण्याचा गुन्हा मी नोकरीत एकदाच केला, तो हा. दुपारी तिला म्हटलं, जरा खिडकीशी बस, तुझी चेहरेपट्टी लिहायची आहे.

ती चक्क हसली. ‘भरती करताय की काय मला?’ पण पदर सारखा करून बसली. मला वाटतं तिलाही बरं वाटलं असावं. गल्लीवरून थेट तिच्या तोंडावर ऊन येत होतं. उंची मोजली. खांद्याला लागते, कुसुमचं बरोबर होतं. रंग गव्हाळ नव्हता, निमगोरा होता, गालांवर वांग आलेले. कपाळ अरुंद. भुवया पातळ, उजवीत आडवा व्रण. मी एकेक ओळ लिहीत होतो आणि प्रत्येक ओळीला मान वर करीत होतो. मग डोळ्यांपाशी आलो.

बुबुळांचा रंग घारा की पिंगट ते ठरवायला मी जवळ वाकलो. उन्हात डोळ्यांची बाहुली बारीक होते, हे रोज माणसं उजेडात उभी करणाऱ्या माझ्यासारख्याला सांगावं लागत नाही. तिच्या डोळ्यांत ऊन शिरत होतं आणि बाहुल्या मोठ्याच होत्या, हलत नव्हत्या. आत बाटलीच्या काचेसारखी किंचित हिरवी झाक होती. मी टाक हळूच तिच्या कानाच्या बाजूने डोळ्यापर्यंत आणला. पापणी हलली नाही.

‘हे दिसतंय का तुला?’ मी विचारलं.

‘काय?’

माझा हात खाली आला. तिला कळलं. तिने शांतपणे सांगितलं की समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि दिवे लागले की समोरचंही धूसर होतं. घरात हाताने सगळं ठाऊक आहे त्यामुळे अडत नाही, चौकट तेवढी एकदा लागली. मेळ्यात बाजूने माणसं आली, आम्ही दिसेनासे झालो, म्हणून पहिला खांब हाताला लागला तो धरून ती उभी राहिली. मी जवळून गेलो ते तिला दिसलं नव्हतंच. माझा आवाज आणि खोकला ओळखून तिने ‘अहो’ म्हटलं होतं.

कधीपासून, असं विचारल्यावर दोन वर्षं झाली असतील म्हणाली. मी रागावलो. आपल्याच अपराधावर माणूस रागावतो तो दुसऱ्याच्या नावाने. दोन वर्षं! मला सांगितलं का नाहीस?

तिने माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. ‘मला वाटलं, दिसेल तुम्हाला.’

त्या दिवशी तो कागद तिथेच राहिला. सोमवारी मी रजा टाकून तिला इस्पितळात नेलं. डॉक्टर भला माणूस होता. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण हा काचबिंदू आहे, गेली ती नजर परत येत नाही, आहे ती जितकी टिकेल तितकी टिकवू, असं त्याने सांगितलं. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलंच. उत्तर ठाऊक असताना विचारलं. बरीच वाचली असती, तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे पाहून त्याने विषय बदलला. थेंब घालायला दिले. ते मी दिवसातून तीन वेळा घालत असे, त्यासाठी दुपारी छावणीतून घरी येऊन परत जात असे. एकही थेंब चुकवला नाही. तरी चार वर्षांनी उरलासुरला उजेडही गेला.

मी पश्चात्तापावर जास्त लिहीत नाही, कारण तो लिहून कमी होत नाही. पण त्या चार वर्षांत आणि नंतर आमच्या घरात एक नवी पद्धत सुरू झाली. ती कोणी ठरवून पाडली नाही. मी दफ्तरातून आलो की ती विचारायची, आज कोण कोण आलं होतं? मी सांगायचो: एक गडी, कपाळ रुंद, नाक सरळ. ती म्हणायची, नाक राहू द्या हो, घाबरला होता का? आई पोहोचवायला आलेली का? आता याचा रकाना आमच्या कागदात नव्हता. मग मला दुसऱ्या दिवशी ते पाहून यावं लागे. वीस वर्षं मुनीर खाँच्या तोंडून चेहरे लिहिणारा मी, पन्नाशीच्या तोंडावर बायकोसाठी माणसांकडे पाहायला शिकलो. रस्त्याने जाताना मला लोक नमस्कार करू लागले. बहुधा ते आधीही करीत असावेत.

कुसुमच्या लग्नात आंतरपाट दूर झाला तेव्हा मी बायकोच्या कानाशी जावयाची चेहरेपट्टी सांगत होतो. उंची बेताची, रंग सावळा, कान जरा मोठे. ती म्हणाली, कुसुमकडे कसा पाहतो ते सांगा. मी नीट पाहिलं आणि सांगितलं, ती घाबरली आहे हे त्याला कळलंय, हार घालताना हात मुद्दाम सावकाश नेतोय. तिने माझा हात दाबला आणि मग मुठीत उरलेल्या अक्षता टाकल्या.

आता मलाच पेन्शन लागून काही वर्षं झाली. मोहिते गेले, मुनीर खाँ गेला. आम्ही दोघं घरात असतो. पूर्वी दोन ओळींत संपणारं आमचं बोलणं आता दिवसभर पुरून उरतं. बावीस वर्षांत झालं नाही इतकं भांडतोही. ती म्हणते, डोळे गेले आणि नवरा मिळाला. हे ऐकून लोक हसतात. मला हसू येत नाही. नवरा आधी मिळाला असता तर डोळे राहिले असते, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी ती न्हाऊन केस वाळवीत खिडकीत बसली होती. मधेच म्हणाली, मी कशी दिसते हो आता? मला मी आठवते ती जुनी. आजची सांगा.

मी तिच्याकडे पाहिलं. केस पुष्कळ पांढरे झाले आहेत, पुढून विरळही. गाल बसले आहेत. सांगायला जीभ रेटेना. म्हटलं, केस काळेच आहेत गं, एखाददुसरा पांढरा.

ती थोडा वेळ बोटांनी केस चाचपत राहिली. मग म्हणाली, ‘सरकारला कधी खोटं लिहून दिलं नाहीत. मला देता?’

मी उठलो. तिची खुर्ची उजेडाकडे वळवली, चष्मा लावला, तिच्या समोर बसलो आणि कपाळापासून नीट सांगायला सुरुवात केली.